आकाश, नक्षत्रं आणि कोकण: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली, हवा कोरडी झाली की आम्ही देवगडच्या बाजूचे चार-पाच जण टेलिस्कोप घेऊन बसतो, कधी किनाऱ्यावर, कधी शाळेच्या मैदानात, कधी कोणाच्या खळ्यात. बघायला सगळेच येतात, चाकरमानी, गावची पोरं, रापणीवरची माणसं, होमस्टेला उतरलेले पाहुणे. आणि मग दुसऱ्या दिवसापासून फोनवर प्रश्न सुरू होतात, बहुतेक तेच तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिकडचा नंबर दिलाय.

१. तारा म्हणजे नक्की काय? सूर्य पण ताराच ना?

हो, सूर्य ताराच, फक्त आपल्या जवळचा. तारा म्हणजे तापलेल्या वायूचा अवाढव्य गोळा, त्यात मुख्य माल हायड्रोजन. स्वतःच्याच वजनाने तो आत दाबला जातो, पोटात इतकी उष्णता तयार होते (सूर्याच्या मध्यात साधारण दीड कोटी अंश) की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम होतो आणि त्यातून ऊर्जा सुटते. म्हणजे तिथे काही जळत नाही, चुलीसारखा जाळ नाही तो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि हे काम गेली ४६० कोटी वर्षं चाललंय, अजून साधारण तेवढंच चालेल, त्यामुळे काळजी नको.

२. तारे लुकलुकतात मग शुक्राची चांदणी का नाही लुकलुकत?

लुकलुकणं हे ताऱ्याचं नाहीच, आपल्या हवेचं आहे. तारा इतका लांब की तो नुसता टिंब दिसतो, त्याचा बारीकसा किरण हवेच्या गरम-गार थरांतून येताना हलतो. शुक्र, गुरू हे ग्रह, जवळ आहेत, टिंबापेक्षा जरा मोठे दिसतात म्हणून त्यांचा उजेड स्थिर वाटतो. तरी समुद्राच्या अगदी कडेला टेकलेला शुक्र लुकलुकतो बरं का, कारण तिथे नजर खूप जास्त हवेतून जाते, आणि मग लोक ‘ड्रोन आहे ड्रोन’ म्हणून व्हिडिओ पाठवतात.

३. नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात? लाखो ना?

नाही हो. पूर्ण अंधारात, चांगली नजर असेल तर एका वेळी दोन-अडीच हजार, बस. आख्ख्या आकाशाचे मिळून सहा हजारांच्या आसपास. आपल्या आकाशगंगेत १० हजार कोटी ते ४० हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे, पण ते बाकीचे सगळे मिळून तो दुधट पट्टा होतो. गावात हायमास्ट लागला की दोन हजाराचे दोनशे होतात, आमच्या वाडीत झाले.

४. काही तारे लालसर, काही निळे का?

तापमान. लोहाराच्या भट्टीतली सळई आठवा, आधी लाल होते, मग पिवळी, अजून तापली की पांढरी. ताऱ्यांचं तसंच, लाल म्हणजे त्यातल्या त्यात थंड (तीन-साडेतीन हजार अंश), सूर्य साडेपाच हजार, निळसर म्हणजे वीस हजारांच्या वर. नळाच्या तोट्यांवर लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे गार असतं ते डोक्यातून काढून टाका, इथे बरोबर उलटं आहे. मे महिन्यात रात्री जेवून बाहेर आलात की चित्रा (निळसर पांढरी), स्वाती (नारिंगी) आणि पूर्वेकडे ज्येष्ठा (लालभडक) तिन्ही एका नजरेत दिसतात, फरक शिकायला यापेक्षा सोपं काही नाही.

५. आपण बघतो ते तारे खरं तर मेलेले असतात असं फिरतंय, खरं काय?

जवळजवळ कुठलाच नाही. उजेड यायला वेळ लागतो एवढंच खरं. सूर्याचा उजेड सव्वाआठ-साडेआठ मिनिटांचा शिळा. व्याधाचा साडेआठ वर्षांचा, अभिजितचा २५, स्वातीचा ३७ वर्षांचा. ध्रुवाचा साधारण ४३० वर्षांचा, म्हणजे शिवाजी महाराज जन्मायच्या आधी निघालेला किरण आज तुमच्या डोळ्यात शिरतो. पण तारे जगतात कोट्यवधी वर्षं, तिथे चारशे वर्षं म्हणजे काहीच नाही, ते सगळे अजून जागेवर आहेत. मरायला टेकलेल्या एकाची गोष्ट प्र. १६ मध्ये.

६. नक्षत्रं २७च का? आणि नक्षत्र आणि रास यात फरक काय?

चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला साधारण २७.३ दिवस लागतात. रोज रात्री तो कुठल्या ताऱ्यांपाशी मुक्कामाला असतो ते बघून आपल्या लोकांनी त्याच्या वाटेचे २७ भाग केले, एकेक भाग १३ अंश २० मिनिटांचा. त्याच वाटेचे १२ भाग केले की राशी. झालं, एकच नारळ, फोडायची पद्धत वेगळी.

महिन्यांची नावंसुद्धा यातूनच आली हे पुष्कळांना माहीत नसतं. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकेजवळ तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. त्रिपुरारी पौर्णिमेला देवळात पणत्या लावून झाल्या की वर बघा, चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा झुबका असतो (चंद्राच्या उजेडात फिका दिसतो, हाताने चंद्र झाका). कॅलेंडर वर लटकवलेलंच आहे, आपण भिंतीवरचं बघतो.

७. ‘मिरग इलो’ म्हणतात ७ जूनला, पण त्या रात्री आकाशात मृग नक्षत्र दिसतच नाही. असं कसं?

माझा सगळ्यात लाडका प्रश्न, आणि हा विचारणारा माणूस नक्की स्वतः बाहेर येऊन बघून गेलेला असतो.

पावसाची जी नक्षत्रं आपण म्हणतो ती सूर्याची. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य त्या भागात शिरला. आता ज्या ताऱ्यांपाशी सूर्यच जाऊन बसलाय ते तारे दिसणार कसे, ते सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार, दिवसभर डोक्यावर असणार पण उजेडात. म्हणजे मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृग दिसत नाही, आणि मृग झकास दिसतो डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पावसाचा पत्ता नसतो. (जूनमध्ये ढगांमुळे तसंही काही दिसत नाही ते सोडा.)

सूर्य एकेका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो. रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त. हे गणित आमच्या आजीला शिकवलं नव्हतं कोणी, पण धूळवाफ पेरणी रोहिणीत, मिरगाला राखणदाराला कोंबडा, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी हे तिला पाठ होतं. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा का म्हणायचे ते विचारलं तर म्हणायची, भिजून बघ, कळेल.

८. मग नक्षत्रावरून पाऊस कळतो का? पंचांगात वाहन बेडूक असेल तर जास्त पडतो ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका.

नक्षत्र हे तारखेचं दुसरं नाव. छापील कॅलेंडर नव्हतं, हिंदू महिने अधिक मासामुळे मागेपुढे सरकतात, त्यामुळे शेतीला सूर्याचंच मोजमाप लागायचं आणि ते या नक्षत्रांनी दिलं. मान्सून केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईला ११ जूनला पोचतो, आपण मधे, म्हणून मिरग आणि पाऊस हातात हात घालून येतात. तारे पाऊस पाडत नाहीत, पाऊस पाडतो समुद्र आणि तापलेली जमीन, तारे फक्त तारीख सांगतात. आणि तारीख चांगली सांगतात! हत्तीचा पाऊस म्हणजे हस्ताचा, तो गडगडाट करत संध्याकाळी येतो कारण तेव्हा मान्सून माघारी फिरत असतो, आणि हळवं भात नेमकं कापणीला आलेलं असतं म्हणून त्याची धास्ती. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात तो हाच.

वाहन मात्र पंचांगातल्या आकडेमोडीवरून ठरतं. बेडूक, म्हैस, मोर, गाढव, जे काय यायचं ते येतं, त्याचा वाऱ्याशी-ढगांशी संबंध नाही. मी तीन वर्षं वहीत टिपून बघितलं, घोडा होता तेव्हा पऱ्ह्याला (ओढ्याला) पूर आला आणि म्हैस होती तेव्हा तरवा (भाताची रोपं) वाळला. गंमत म्हणून वाचा, होडी किंवा बी-बियाणं त्याच्या भरवशावर सोडू नका, हवामान खात्याचा इशारा बघा.

९. या तारखा कायम अशाच राहणार का? संक्रांत तर १४ वरून १५ ला चाललीय.

नाही राहणार. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलकी पूर्ण व्हायला सुमारे २६ हजार वर्षं. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठं पडतं. वीस मिनिटं म्हणजे काय फार नाही, पण ७०-७२ वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३, आता तोच सण १४-१५ ला येतो. उत्तरायण खरं २२ डिसेंबरला सुरू होतं, संक्रांत त्यापासून सुटून लांब गेली आहे. अजून दोन हजार वर्षांनी मिरग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल, तेव्हा तो पेरणीच्या काही कामाचा नसेल.

या सरकण्यातच आपल्या कोकणच्या दोन माणसांनी डोकं घातलं होतं. लोकमान्य टिळक, जन्म रत्नागिरीचा, १८५६. वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य मृगाजवळ असायचा असे जुने उल्लेख धरून त्यांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिलं आणि वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० पर्यंत मागे नेला. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही, पण ताऱ्यांना घड्याळ करून इतिहास मोजायची कल्पना बघा. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३. त्यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ चं, मराठीत, आणि आजही या विषयावर काही बघायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. मुरूडच्या बीचवर डॉल्फिन बघायला जाणाऱ्या हजारातल्या एकाला हे नाव माहीत नसतं, असो.

१०. माझी रास पेपरात वृश्चिक आहे, पण सूर्य तेव्हा खरा वृश्चिकात असतो का?

बहुतेक नाही. पेपरातली तारखांची रास पाश्चात्य पद्धतीची, ती प्र. ९ मधलं सरकणं धरतच नाही, त्यामुळे जवळपास एक रास पुढे पळालेली आहे. शिवाय आकाशातल्या खऱ्या तारकासमूहांच्या हद्दी धरल्या तर सूर्य १२ नाही, १३ समूहांतून जातो. तेरावा भुजंगधारी, सूर्य तिथे ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरच्या आसपास असतो. त्या दिवसांत जन्मलेल्यांनी आता काय करायचं ते पेपरवाल्यांना विचारा.

११. ध्रुव तारा सगळ्यात ठळक असतो ना? आम्हाला सापडतच नाही.

ठळक नाही म्हणूनच सापडत नाही. ठळकपणात त्याचा नंबर पन्नासच्या आसपास लागतो. आणि कोकणातून तो खूप खाली दिसतो हे पुस्तकात कोणी सांगत नाही. ध्रुवाची उंची म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश, मालवणला साधारण १६ अंश, रत्नागिरीला १७, अलिबागला साडेअठरा. हात लांब करून मूठ धरली की १० अंश, म्हणजे क्षितिजापासून दीड-पावणेदोन मुठी वर. उत्तरेला माड किंवा डोंगर असेल तर संपलं, तो कधीच दिसणार नाही.

फेब्रुवारी ते जून सप्तर्षी वापरा (आमच्याकडे जुनी माणसं त्याला खाटलं म्हणतात, म्हातारीची खाट आणि ती पळवणारे तीन चोर). खाटेच्या पुढच्या कडेचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, जोडून ती रेघ पाचपट पुढे न्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा शोधा, पाच ताऱ्यांचा वेडावाकडा ‘एम’, त्याच्या खाली अंदाज घ्या. आणि ‘अढळ’ म्हणाल तर तोही अढळ नाही, पाच हजार वर्षांपूर्वी उत्तरेला दुसराच तारा होता आणि अजून बारा हजार वर्षांनी अभिजित त्या जागेच्या जवळ येईल.

१२. जीपीएस नव्हतं तेव्हा तांडेल रात्री घरी कसे यायचे?

ताऱ्यांवर, वाऱ्यावर आणि पाण्यावर. प्र. ११ मधली ध्रुवाच्या उंचीची युक्ती अरबी समुद्रात शेकडो वर्षं वापरात होती. अरब नाखवे ‘कमाल’ नावाची लाकडाची चौकोनी फळी वापरत, मधून गाठी मारलेली दोरी, दोरी दातात धरायची, फळी पुढे धरून खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची. बंदराबंदराची गाठ ठरलेली. ध्रुव त्या गाठीला बसला की कळलं, बंदर आता सरळ पूर्वेला आहे, वळवा तोंड. मोजमाप बोटांत, चार बोटं, पाच बोटं.

जवळपासच्या मासेमारीला एवढं लागायचं नाही. गावातल्या म्हाताऱ्या खलाशाने मला सांगितलेलं, कृत्तिका डोक्यावर आल्या की अमुक वाजले, शुक्र उगवला की जाळं ओढायला घ्यायचं, डोंगराची अमुक टोकं एका रेषेत आली की खाली खडक. आता फिश फाइंडर आहे, पोरांना ध्रुव दाखवला तर म्हणतात ‘काका, रेंज असता’. चूक नाही त्यांची.

दक्षिणेकडचं विसरू नका, कोकणातून ते दिल्लीकरांपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. त्रिशंकू (चार ताऱ्यांचा क्रूस) एप्रिल-मेमध्ये दक्षिण क्षितिजावर जेमतेम दीड मूठ वर येतो. अगस्ती हा रात्रीच्या आकाशातला व्याधानंतरचा सगळ्यात ठळक तारा. अगस्तीने समुद्र पिऊन टाकला ही गोष्ट ऐकली असेल, आणि त्याचा पहाटेचा उदय होतो तो बरोबर पाऊस ओसरायच्या सुमाराला, गढूळ पाणी निवळायला लागतं तेव्हा. गोष्ट रचणाऱ्याने आकाश बघून रचली आहे हे उघड आहे.

१३. लग्नात भटजी अरुंधती दाखवतात ती कुठली?

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक दिसते ती अरुंधती. दोन्ही साधारण ८० प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिथला उजेड यायला ८० वर्षं लागतात एवढ्या लांब. दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो, आणि आणखी खोलात गेलं तर वसिष्ठ चार ताऱ्यांचा आणि अरुंधती दोन, म्हणजे जोडपं कसलं, एकत्र कुटुंब आहे. आमच्याकडे लग्न लागतं दुपारी साडेबाराला, भटजी मांडवाच्या पत्र्याकडे बोट दाखवतात आणि नवरा-नवरी ‘दिसली’ म्हणतात, संसाराची सुरुवात अशी थापेने होते. एप्रिल-मेचं लग्न असेल तर रात्री पाहुणे पांगल्यावर खरंच बाहेर या, उत्तरेला वर असते. डिसेंबरच्या लग्नात मात्र पहाटे उठावं लागेल (कारण प्र. ११).

१४. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली आहे, स्थळं परत जातात. काही उपाय?

उपाय म्हणजे ती स्थळं गेली हे बरं झालं समजणं. हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी खाजगीत विचारतं म्हणून जरा सविस्तर.

जन्मनक्षत्र म्हणजे त्या वेळी चंद्र २७ पैकी कुठल्या भागात होता ते, बाकी काही नाही. चंद्र प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून ढोबळमानाने प्रत्येक २७ माणसांमागे एक मूळ नक्षत्राचा. जगाची लोकसंख्या ८०० कोटी धरा, म्हणजे जवळपास ३० कोटी माणसं मूळ नक्षत्राची निघाली. एवढ्या सगळ्यांचे सासरे त्यामुळे दगावले असते तर कुठेतरी लक्षात आलं असतं की. मूळ म्हणजे वृश्चिकाची नांगी, तिथला ठळक तारा पाचशेहून जास्त प्रकाशवर्षांवर, मुलीच्या जन्माच्या रात्री दिसलेला त्याचा उजेड पाचशे वर्षांपूर्वी निघालेला, त्याला देवगड तालुक्यातल्या सासऱ्याची खबर असणार कुठून. आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्या दिराला वाईट म्हणतात, आणि मुलग्याचं नक्षत्र सासऱ्याला वाईट असं सहसा ऐकू येत नाही, यातच सगळं आलं.

१५. म्हणजे ताऱ्यांचा माणसावर काहीच परिणाम होत नाही?

एका ताऱ्याचा होतो, भरपूर होतो. सूर्य.

समुद्राचं बघा. भरती मुख्यतः चंद्राची, पण सूर्याचा जोरही चंद्राच्या निम्म्याच्या जवळपास असतो. पौर्णिमा-अमावस्येला दोघं एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या आसपास काटकोनात असतात तेव्हा भांग, म्हणजे भरती कमी. होडी कधी काढायची, तिसऱ्या-कालवं काढायला खाडीत कधी उतरायचं, सगळं यावर.

सूर्यावर वादळं होतात त्यांचा धक्काही इथे पोचतो. सप्टेंबर १८५९ मध्ये जे मोठं सौर वादळ झालं त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकांनी केली, आणि ती नोंद जगभरचे शास्त्रज्ञ आजही वापरतात. पुढे मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. अलिबागच्या त्या वेधशाळेच्या बाहेरून पर्यटकांचे लोंढे जातात, आत सूर्याची नाडी मोजली जाते. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता, तो असाच प्रकार.

आणि एक परिणाम जुना आहे. तुमच्या घराच्या भिंतीचा जांभा लाल का? त्यात लोहाचा गंज आहे. रेडीच्या खाणीतलं, तुमच्या रक्तातलं, कोयतीच्या पात्यातलं, हे सगळं लोह सूर्य जन्मायच्या आधीच्या ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झालं. बांगड्याच्या काट्यातलं कॅल्शियम पण तिथलंच. कुंडली न बघता नातं निघालं.

(वेळासच्या कासवांबद्दल दोघा-तिघांनी विचारलेलं. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे पळतात, रात्री किनाऱ्यापेक्षा चांदण्यांखालचं पाणी उजळ असतं म्हणून बरोबर समुद्राकडे. रिसॉर्टचे दिवे लावले की उलटी पळतात. म्हणून दिवे बंद करायला सांगतात, तुमच्यावर राग नसतो.)

१६. मृगातला तो लाल तारा फुटणार म्हणे? फुटला तर आपलं काय?

काक्षी. मृगाच्या चौकोनातला लालसर तारा, पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं लांब, आणि इतका फुगलेला की सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळसुद्धा त्याच्या पोटात जाईल. २०१९ च्या शेवटी तो अचानक मंद झाला तेव्हा बातम्या सुटल्या होत्या की आता फुटतोय, पण त्याने बाहेर टाकलेली धूळ आड आली होती, २०२० मध्ये परत ठीक झाला. फुटणार नक्की, पण कदाचित लाख वर्षांनी. फुटला तर काही आठवडे दिवसासुद्धा दिसेल, इजा काही नाही.

सूर्य असा फुटणार नाही, तेवढा जड नाही तो. कुठला तारा शेवटी शांत निखारा होऊन राहू शकतो याची मर्यादा सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची, आणि ती काढायला सुरुवात केली १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये, मुंबईहून इंग्लंडला शिकायला जाताना बोटीवर. म्हणजे पहिले काही दिवस आपल्याच अरबी समुद्रावर. नोबेल मिळालं १९८३ ला.

१७. रात्री आकाशात किंवा समुद्रात विचित्र उजेड दिसला, काय होतं ते?

चार गोष्टींपैकी एक असते. पटकन सुसाट गेलेली रेघ म्हणजे उल्का, वाळूच्या कणाएवढा दगड, त्याला तारा तुटला म्हणतात पण तारा जागेवर असतो (ऑगस्टचा उल्कावर्षाव आपल्याकडे पावसात जातो, १३-१४ डिसेंबरचा मिथुनेतला बघा). एका माळेत सरकत जाणारे वीस-तीस ठिपके म्हणजे इंटरनेटचे उपग्रह. क्षितिजावर एका ओळीत स्थिर पांढरेशुभ्र दिवे म्हणजे बंदी असून चाललेली एलईडी मासेमारी, त्यावर मी इथे बोलत नाही. आणि लाट फुटताना निळा उजेड म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, पाणी पेटलं म्हणतात ते.

१८. बायकोच्या नावाने तारा विकत घेता येतो का?

पैसे घेणाऱ्या साइट भरपूर आहेत, मिळतं ते रंगीत सर्टिफिकेट. मी स्वतः एकदा भावाच्या लग्नात देण्यासाठी घेतलंय, दिलेले आकडे टाकून टेलिस्कोप लावला तर तिथे कोरा अंधार. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघटनाच देते आणि ती विकत नाही. २०१९ मध्ये त्यांनी देशोदेशीच्या लोकांना एकेका ताऱ्याला नाव सुचवायला सांगितलं, भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला, त्याचं नाव ठेवलं ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाचं ‘संतमासा’. फुकट.

१९. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे खरं ना? किल्ल्यावर साहेबाचे कट्टे (ग्रहण बघायला दुर्बिणी ठेवलेले ओटे) आहेत की.

आता शिव्या खाणार मी, पण खोटं सांगवत नाही.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन आंध्रात गुंटूरला होते, त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट (उजेड फोडला की दिसणारे रंग आणि रेघा) बघितला. नॉर्मन लॉकयर तेव्हा भारतात नव्हतेच, ते इंग्लंडमध्ये होते, आणि त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसतानाच आपल्या दुर्बिणीतून त्या ज्वाळांमधली पिवळी रेघ पकडली. ती कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. जमिनीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडलं, रॅमसे यांना एका खनिजात.

मग कट्टे खोटे का? अजिबात नाहीत! लॉकयर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. सोबत ब्रिटिश नौदलाच्या जहाजावरची माणसं, एवढा मोठा लवाजमा. हेलियमवाला साहेब तोच, किल्ला तोच, ग्रहणंही दोन, लोकांच्या तोंडी त्यांचं एक झालं आणि १८६८ ची तारीख विजयदुर्गाला चिकटली. आता १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, शाळांची पोरं येतात, विज्ञानाबद्दल ऐकतात, त्यात वाईट काही नाही. फक्त २२ जानेवारीला पण कोणीतरी फुलं ठेवावीत असं वाटतं, तो दिवस शंभर टक्के आपला आहे आणि ऑगस्टसारखा पावसात पण जात नाही.

कट्टे बघायला जाणार असाल तर सकाळी जा, पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ असतं, पाय जपून.